मनोहररावांचा शिकारीचा दिवस

मनोहररावांचा आवाज म्हणजे नुसता भोंगा! सत्तावीस वर्षं डब्लिनमध्ये डेटाबेस सांभाळले, पण हे फोनवर बोलायला लागले की शेजारचा गोरा कुत्र्याला आत घ्यायचा. मुलाला, अक्षतला, साधं "जेवलास का" विचारायचं तेसुद्धा डाफरून. इंजिनिअरिंग सोडून पोरगा सुतारकाम करायला लागला, तेव्हा दोघांचं असं काही वाजलं की तीन वर्षं त्याने घराचं तोंड पाहिलं नव्हतं.

आणि अचानक त्याचा मेसेज. 'बाबा, शनिवारी हरणाच्या शिकारीला येता? पूर्ण दिवस.'

अहो, घरात झुरळ निघालं तरी बायकोला हाक मारणारा हा माणूस! पण पोरगा बोलावतोय म्हटल्यावर अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दिवसभर टिकायचं म्हणून आठवडाभर तयारी. लोकरीचे मोजे दोन जोड, हात गरम ठेवायच्या पुड्या, नारिंगी जाकीट. चिवडा कुरकुरतो, तो नको, म्हणून डिंकाचे लाडू आणि गुळाच्या पोळ्या. चहात आलं नाही, हरणाला वास जातो. दर दोन तासांनी खायची आठवण फोनमध्ये लावून ठेवली, तीही आवाज बंद करून. "त्याला घरी घेऊनच येतो बघ," असं ते निघताना बायकोला म्हणाले. एवढंच हवं होतं त्यांना. दीपाताई डब्याचं झाकण घट्ट लावत राहिल्या.

रानात अंधार असतानाच बापलेक कापडी आडोशात जाऊन बसले. "इथे फक्त कुजबुजायचं," अक्षतने बजावलं. मनोहररावांनी मान डोलावली. उजाडल्यावर पोराची वाढलेली दाढी डोळे भरून पाहत राहिले. जन्मात पहिल्यांदा जीभ आवरून बसले होते बिचारे.

साडेसातला अक्षत त्यांच्या कानाशी वाकला. "बाबा, सोमवारी मी अलास्काला मूव्ह होतोय. फॉर गुड. परत नाही येणार."

मनोहररावांनी तोंड उघडलं.

"श्श! तुम्हाला इथे का आणलं माहितीय? इथे तुम्ही ओरडू शकत नाही."

"आईला तरी..." त्यांना कुजबुजायचीही सवय नव्हती, नुसती हवा बाहेर पडली.

"तिला काल फोन केला. ती खूप रडली. पण ऐकून घेतलं तिने."

मग अक्षत बंदूक सावरून पुन्हा समोर बघायला लागला. काय करावं अशा बापाने? पोट भरलेलं, पाय गरम, डोळ्यांत झोपेचा लवलेशसुद्धा नाही. अंधार पडेपर्यंत जागचं हलायचं नव्हतं, आणि त्याला अजून दहा तास होते.