बेथलेहेमचा किल्ला

इंदिरानगरच्या चर्चमध्ये नाताळचा गोठा उभारायचा तो बस्त्यांव डिसोझांनीच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. बस्त्यांवमामा मूळचे बेळगावचे. लहानपणी दिवाळीत गल्लीतल्या पोरांबरोबर मातीचे किल्ले करून हात बसलेला. त्यामुळे गोठ्यामागची टेकडी रचायला घेतली, की माथ्यावर बुरूज आपोआप उगवत. तट, महादरवाजा, पाण्याचं टाकं, उतारावर मोहरी पेरून उगवलेलं गवत. आणि हे सगळं मनासारखं झालं, की खाली उरलेल्या जागेत बाळ येशू.

कुणाची तक्रार नव्हती. पुढे तमिळ आरोग्यमेरी अक्का तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी, काढत, मंगळूरकर मंडळी दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधत. बेथलेहेमात यातलं नक्की काय होतं, हे विचारणं शिष्टाचारात बसत नसे.

यंदा फादर जिजो नवीन आले. केरळचे, आणि वर रोमला शिकलेले. टेकडीसमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"मामा, हा किल्ला कुणाचा?"

"आपलाच की, फादर."

"बायबलात नाही."

"मग कोलम तरी कुठं आहे?"

"मला कशाला मध्ये ओढता, अण्णा?" अक्कांनी पिठाच्या हातानंच दम भरला.

फादर भला माणूस. त्यांनी तोडगा काढला: किल्ला राहू दे, फक्त वर 'हेरोदाचा राजवाडा' अशी पाटी लावा.

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. तान्ही पोरं मारणाऱ्या हेरोदाला आपला किल्ला!

"मग पाडा," बायको नातालीन म्हणाली. "आणि आमटी गार होत्ये."

"पाडीन, पण त्याला देणार नाही."

सकाळी मामा खरंच फावडं घेऊन गेले. अक्का कोलम काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पाडा, पाडा. पण मग ते तीन राजे उतरणार कुठं?"

"कोण राजे?"

"पूर्वेकडून बाळाला बघायला येतात ते. गोठ्यात गाय, गाढव, मेंढपाळ, पाय ठेवायला जागा नाही. की त्यांना आयटीतल्या पोरांसारखी व्हाइटफील्डला पीजी बघायची?"

मामांनी फावडं खाली टेकवलं. मागे येऊन उभे राहिलेले फादर विचारात पडले.

"ते कुठं उतरले, हे बायबलात लिहिलेलं नाही," ते सावकाश म्हणाले.

"नाही म्हणून तरी कुठं लिहिलंय?" अक्का म्हणाल्या.

रोमच्या शिक्षणात यावर काही सापडलं नसावं. "सरी, ठीक आहे," फादर हसले, आणि खोलीत जाऊन गावाकडून आणलेले आपले तीन राजे घेऊन आले. त्यातला एक चक्क हत्तीवर होता. सोंडेपासून शेपटीपर्यंत भरजरी झूल, पाठीवर उंच अंबारी.

"आमच्याकडे राजा असाच येतो," फादर जरा ओशाळून म्हणाले.

बायबलाचा विषय मामांनी मोठ्या मनानं काढला नाही. हत्ती दरवाजाला लावून पाहिला. अंबारी कमानीत अडकली. मामांनी एकदा कमानीकडे पाहिलं, एकदा फादरांच्या चेहऱ्याकडे. मग फावडं उचललं आणि कुणी नको म्हणायच्या आत स्वतःच्या महादरवाजाची कमान उडवून दिली.

"या, घ्या आत," ते म्हणाले. "सोंड तेवढी सांभाळा."