साडूंची अँबॅसिडर आणि माझा आवाज

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून आवाज कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे साडू. हे मत साडूंचंच आहे. त्याला आजवर कुणी विरोध केलेला नाही, कारण विरोधाचा सूर दिसला की ते आपल्याला गाडीत बसवत आणि काचा वर करत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कामथडीला शेती, शिक्षण सातवीपर्यंत, वयाने माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. मी भोरला मास्तर होतो आणि निवृत्त झाल्यापासून आसपासच्या लग्नांत माईकवर पाहुण्यांची नावं पुकारतो, मंगलाष्टका म्हणतो. लोक मला आवाजासाठी बोलावतात, असं माझंही एक मत आहे. थोडक्यात, आमच्या सासऱ्यांनी दोन जावई केले आणि दोन्ही आवाजवाले निघाले. फरक एवढाच की साडूंना दुसऱ्याचा आवाज ऐकण्याचं वेड, आणि मला स्वतःचा.

साडूंची गाडी म्हणजे पांढरी अँबॅसिडर. एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून ती त्यांच्याकडे आली तेव्हाच तिला पेन्शन मिळायला हरकत नव्हती. तिच्या डॅशबोर्डात मूळचा रेडिओ होता. दोन गोल बटणं, मध्ये अरुंद काच, आत एक काटा. तो रेडिओ कधीच वारला होता, पण साडू रोज सकाळी त्याची काच फडक्याने पुसत, जणू तो नुसता झोपला आहे. दुसऱ्या कुणी तो उपटून नवा स्टिरिओ बसवला असता. साडूंनीही तसा विचार केला आणि नसरापूरच्या वायरमनकडे गेले. त्याने मोजमाप घेऊन सांगितलं, "काका, नवा डबा मोठा हाय. बोटभर पत्रा कापावा लागंल." साडू त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "नथ बसंना म्हणून कुणी नाक कापतं का, लेका?" आणि गाडी घेऊन घरी आले. पुढचे आठ महिने कामथडीतल्या त्या घरात भाताची लावणी, काढणी, दोन बारशी आणि एक तेरावा झाला, पण घरातला खरा विषय एकच होता.

शेवटी त्यांनी मेलेला रेडिओ जागच्या जागी ठेवला आणि नवा स्टिरिओ शेजारच्या झाकणाच्या कप्प्यात लपवला. त्यामुळे आवाज वाढवायचा तर पुढच्या सीटवरच्या पाहुण्याने कप्पा उघडून, गाडीचे कागद आणि बडीशेपेची डबी बाजूला सारून आत हात घालायचा. ॲम्प्लिफायर सीटखाली गेला. स्पीकर दारांत बसवले तेव्हा दारांचा पत्रा थरथरू लागला. शहरात अशा वेळी काहीतरी काळं, चिकट, महागडं विकत आणून आतून लावतात म्हणे. साडूंनी घरातली घोंगडी कापून चारही दारांत कोंबली. थंडीचे दिवस होते. आमच्या मेव्हणीबाई त्या दिवसापासून येईल त्या पाहुण्याला चहा देताना सांगत, "बसा. माणसांस्नी पांघरूण न्हाई, पर गाडीला ऊब लई हाय." साडूंनी हे ऐकलं की नाही कळायला मार्ग नव्हता. बायकोचा आवाज त्यांच्या कानाच्या पट्टीत बसत नसावा.

स्टिरिओ बरोबर लागला की नाही हे ठरवण्याची त्यांची पद्धत मात्र मला अजून कुठे दिसलेली नाही. आपल्याच बैलाच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेचा आवाज त्यांनी मोबाईलवर घेतला. मग गाडी गोठ्यासमोर उभी करून, दारं उघडून तो लावला. बैल वैरण खात राहिला. साडूंनी घोंगडीचा आणखी एक तुकडा कोंबला, तारा अदलाबदल केल्या, पुन्हा लावला. बैल खातच राहिला. हा प्रकार तीन आठवडे चालला. एक दिवस बैलाने मान वर केली, कान टवकारले आणि दुसरा बैल कुठे आला म्हणून गाडीकडे पाहिलं. साडूंनी मला भोरला फोन केला, "गुरुजी, मंजूर झाला." मला वाटलं, विहिरीचा अर्ज.

त्यानंतर ती गाडी नवरदेवाची गाडी झाली. कुणाचंही लग्न असो, साडू फुकट गाडी देत. मागत फक्त दोन गोष्टी: गाडीसाठी वेगळा नारळ, आणि पहिलं गाणं संपेपर्यंत आत कुणी बोलायचं नाही. डीजेचा त्यांना मनस्वी तिरस्कार. "त्यो आवाज न्हाई, मारहाण हाय," म्हणत. वरातीत ते नवरीला मागच्या सीटच्या बरोबर मध्ये बसवत, कारण दोन्हीकडचा आवाज तिथे सारखा येतो. एका नवरदेवाने कुरकुर केली तर म्हणाले, "तुमाला आजपास्नं एकच बाजू ऐकायची हाय, पाव्हणं. सवय करा." खेड्याखेड्यांतून लोक तिथी धरण्याआधी गाडी मोकळी आहे का ते विचारू लागले. साडूंच्या चालण्यात त्या दोन वर्षांत जी ऐट आली होती ती पंच लोकांतसुद्धा मी पाहिलेली नाही.

आता विंझरच्या लग्नाबद्दल. गेली नऊ वर्षं मी ही गोष्ट माईकवर सांगत आलो आहे आणि लोक पोट धरून हसत आले आहेत. गोष्ट अशी: नवरदेव मारुतीच्या पाया पडायला गेला, साडूंची गाडी देवळाबाहेर गाऊन गाऊन इतकी दमली की परत निघताना सुरूच होईना. करवल्या, मामा, बँडवाले सगळ्यांनी धक्का दिला, हार तुटले, फुगे फुटले, गाडी हलली पण जागी झाली नाही. बॅटरी पार उतरली होती. नवरदेव शेवटी टोमॅटोच्या टेम्पोत उभा राहून मांडवात आला. मुहूर्त आमच्याकडे तासभर चुकतोच, त्या दिवशी त्याला कारण मिळालं. त्याच्या आधीच मी पायी मांडवात आलो होतो. लोक कंटाळले होते, म्हणून माईकवर म्हणालो, "मंडळी, साडूंच्या गाडीचा गळा बसला आहे, आल्याचा चहा पाजून आणत आहेत." हशा झाला. तो हशा मला इतका आवडला की पुढच्या लग्नात तो मी पुन्हा काढला, त्याच्या पुढच्या लग्नात वाढवून काढला.

या गोष्टीत एवढंच मी कधी सांगितलं नाही की बॅटरी खरी कशाने उतरली. जुन्या किल्लीच्या तारांना हात लावायचा नाही म्हणून साडूंनी स्टिरिओला बॅटरीवरून थेट तार ओढली होती आणि सीटखाली वेगळा खटका बसवला होता. नियम एकच: इंजिन बंद, तर खटका बंद. जुन्या गाडीच्या डायनामोत जीव तो केवढा, तो काय काय पोसणार. त्या दिवशीही त्यांनी खटका बंद केला आणि नारळ घेऊन देवळात गेले. मी ऊन लागतं म्हणून गाडीत बसलो. आदल्या रात्री मी माझ्या मंगलाष्टका मोबाईलवर म्हणून ठेवल्या होत्या. मनात आलं, या स्पीकरांवर आपला आवाज कसा लागतो ते बघू. खटका दाबला, काचा वर केल्या, आवाज मोठा केला. काय सांगू, फार छान लागत होता. पाऊण तास मी स्वतःला ऐकत बसलो. लोक येताना दिसले तेव्हा खटका बंद केला, मोबाईल खिशात टाकला आणि घाम पुसत बाहेर आलो.

तरी मला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरतील. पण साडूंनी ते मनाला लावून घेतलं. माणसं हसली याचं त्यांना काही नव्हतं. त्यांचा हिशेब वेगळा होता: खटका आपण बंद केला होता, तरी बॅटरी उतरली, म्हणजे आपल्या हातचा कुठला तरी जोड कच्चा आहे, कुठून तरी करंट झिरपतो आहे. तो सगळा पावसाळा त्यांनी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली गाडीत घालवला. एकेक तार सोडवायची, चाटून बघायची, पुन्हा जोडायची. मी एकदा गेलो होतो. गाडीखालून त्यांचे पाय तेवढे दिसत होते. "घावंना, गुरुजी," आतून आवाज आला. "सगळं बरोबर दिसतंय आन् कायतरी चुकलंय. म्या केलेलं हाय, म्हंजी माझंच चुकलंय." मी चहा घेतला, पावसाबद्दल बोललो आणि भोरची एसटी पकडली. दिवाळीच्या सुमारास त्यांनी स्टिरिओ काढून पोत्यात बांधला. लग्नाला गाडी द्यायचं बंद केलं. इतकंच नाही, घरातला पंखा बिघडला तरी ते वायरमनला बोलावू लागले.

हे सगळं मी यंदा पासलीच्या एका लग्नात, माईकवरच, सांगून टाकलं. समोर तिसऱ्या ओळीत साडू बसले होते. मी म्हणालो, "मंडळी, बॅटरी साडूंनी नाही, मी उतरवली. स्वतःचाच आवाज ऐकत बसलो होतो." मांडव विंझरलाही हसला नव्हता इतका हसला. नवरीचे चुलते टाळ्या देत म्हणाले, "गुरुजींनी नवीन शेवट लावला की." नऊ वर्षं खोटं सांगून मी लोकांना इतकं तयार केलं होतं की खऱ्यालाही त्यांनी दाद दिली. साडूंची खुर्ची मात्र रिकामी झाली होती.

ते एसटीच्या थांब्यावर होते. जेवले नव्हते. मी शेजारी बसलो. त्यांनी विचारलं, "खरं बोलला, का हसवायला?"

"खरं."

"किती वेळ लावला हुता?"

"पाऊण तास."

"लई मोठा?"

"पुरा."

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "म्हंजी जोड बरोबर हुता." मी मान हलवली. ते पुन्हा म्हणाले, "जोड बरोबर हुता तर." मग दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे पाहिलं. "आता तार धरवत न्हाई, गुरुजी. न्हाईतर आज जाऊन जोडला असता."

"मी धरतो. तुम्ही सांगा."

"तुमी?" ते माझ्याकडे बघून पहिल्यांदा जरा हसले. "तुमाला बोलायपल्याड काय येतंय? या गुरुवारी."

तीन गुरुवार झाले. पोतं सोडलं आहे. मी गाडीत उलटा पडून तारा धरतो, ते बाहेर स्टुलावर बसून सांगतात, आणि मेव्हणीबाई दोघांनाही ऐकू जाईल अशा बेताने स्वतःशी बोलतात. आजवर एकच जोड झाला आहे, तोही त्यांनी मला दोनदा तोडायला लावला. मी म्हटलं, असंच चाललं तर वर्ष जाईल. त्यांनी माझा जोड नखाने ओढून पाहिला आणि म्हणाले, "जाऊ द्या की. कुठं घाई हाय?" अठ्ठ्याहत्तर आणि पंचाहत्तर वर्षांच्या दोन माणसांत हे वाक्य फारच धाडसाचं आहे. मी त्यांना तसं म्हटलं नाही. तार पुन्हा सोलायला घेतली.