रहांगडाले सरांची शनिवारची परीक्षा

शाळेत वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप अंगावर बसतात. घरी येऊन पदर झटकला तरी दोन-चार राहतातच. आमच्या जादा तासाचे तर मी झटकतही नाही. भेटेल त्याला धरून सांगते. आज तुम्ही सापडलात!

आमची शाळा सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या रस्त्याला. निम्मी पोरं घरी गोंडी बोलतात, मराठी त्यांना शाळेतच भेटते. दहावीत जी अडखळतात त्यांच्यासाठी मी आणि रहांगडाले सर शाळा भरायच्या आधी एक तास जास्तीचा घेतो. मी मराठी, ते गणित.

पहिल्याच दिवशी मी फळाभर लिहून शिकवलं आणि विचारलं, "समजलं का?" सगळ्या माना एकदम हलल्या. सर खूश. मग मी वह्या तपासल्या. अक्षर असं की बघत राहावं. मुद्दे उतरवले होते, कोपऱ्यातली तारीख उतरवली होती, पटसंख्या उतरवली होती. आणि सरांनी आपल्या गणिताखाली लिहिलेलं 'पुसू नये', तेही सगळ्या वह्यांत!

सर म्हणाले, "समजलं काही नाही, पण पोरं आज्ञाधारक आहेत."

*

त्या वर्गात कमला मडावी होती. मागच्या वर्षी ती बाकी सगळ्यात पास आणि मराठीत नापास झाली होती. तिला नागझिऱ्याच्या जंगलात गाइड व्हायचं होतं, आणि त्यासाठी दहावी पाहिजे असं तिनं ऐकलं होतं. बापानं एकच वर्ष दिलं होतं. "यंदा निघाली तर निघाली, नाही तर चाल धान रोवाले."

आणि ही बाई तोंडच उघडेना. तीन महिने 'हो जी'च्या पुढे गाडी गेली नाही. मला तर तिच्या बापाचं ते एक वर्ष रोज डोळ्यांपुढे दिसायचं.

एक दिवस सर तापले. "काऊन बोलत नाही तू? मराठी काय वाघ आहे का?"

कमलाच्या शेजारी सरिता बसते, जिभेला हाड नसलेली. ती उठली. "सर, तुमी गोंडीत बोलून दाखवा. मग कमला बोलंन."

सर हसले. "अरे, मी घरी पोवारी बोलतो, गावात झाडीबोली, गोंदियात हिंदी, शाळेत मराठी. पाचवी भाषा शिकायला कितीक वेळ लागते?"

झालं! ठरलं की दर शनिवारी पोरं आमची गोंडीची तोंडी परीक्षा घेणार. गुण वीसपैकी. लाल पेन त्यांच्याकडे.

*

पहिल्या शनिवारी मला पाच पडले, सरांना तीन. सर दिवसभर स्टाफरूममध्ये धुसफुसत होते. "पेपर सिलॅबसच्या बाहेरचा होता, मॅडम. आणि तपासणारी पोरगी माझ्यावर आधीच खार खाऊन होती."

मी म्हटलं, "सर, हे वाक्य दरवर्षी पोरं तुमच्याबद्दल बोलतात."

*

दुसऱ्या शनिवारी मी तळहातावर चार वाक्यं लिहून गेले. खोटं कशाला बोलू? सरितानं पकडलं आणि वर्गाबाहेर उभं केलं.

तेवढ्यात हेडसर व्हरांड्यातून आले. "मॅडम, इथं कायले उभ्या?"

"कॉपी करताना सापडले, सर."

पुढच्या शनिवारी हेडसरही वही घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसले.

*

मग तो शनिवार आला. परीक्षक पाळीपाळीने असायचे आणि त्या दिवशी कमलाची पाळी होती. सरांना विषय मिळाला, मोहफूल. सरांनी अडखळत अडखळत गोंडीत सांगितलं की आपण झाडावर चढतो, फांद्यांवरून फुलं तोडतो आणि टोपलीत टाकतो.

वर्ग लोळून हसला. कमला मात्र हसली नाही. तिला रागच आला. तरातरा फळ्यापाशी गेली, झाड काढलं आणि सरांना कळावं म्हणून मराठीत सुरू झाली. "सर, मोहफूल कोनी तोडत नाही! ते आपल्या आपण पडते. आधी खालचा पाला झाडून काढाचा. मंग सकाळीच जाऊन मोह वेचाचा. तुमी झाडावर चढून काय करता?"

इतक्या महिन्यांतलं तिचं पहिलं मराठी बोलणं, आणि तेही सरांना झापायला!

सरांना मोहाबद्दल सगळं माहीत होतं. गोरेगावकडे त्यांच्या शेताच्या बांधावरच दोन झाडं आहेत. तरी बेट्यानं भोळं तोंड करून विचारलं, "पाला कायले झाडून काढाचा?" मग, "मोह वाळवाचा कसा?" मग, "किती दिवस?" ती सांगत गेली, तास संपला तरी सांगत गेली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

*

महिन्याभरानं तिचा बाप शाळेत आला. मी घाबरले, नाव काढायला आला की काय. तो म्हणाला, "मॅडमजी, पोरगी घरी माह्या मराठीले मार्क देऊन राहिली. मले सात देल्ले."

"मग?"

"सात कमी आहेत ना जी."

*

निकालाच्या दिवशी शाळेत नेट नव्हतं. ते फक्त पाण्याच्या टाकीपाशी येतं. सर मोबाइल उंच धरून उभे, आम्ही सगळे आणि कमलाचा बाप भोवती. कमला दूर, टाकीकडे पाठ करून. गोल गोल फिरून एकदाचं पान उघडलं. मराठीत पास! सर एवढ्या जोरानं ओरडले की रस्त्यावरची मोटारसायकल थांबली. तिचा बाप माझ्याकडे बघून नुसता मान हलवत होता.

पेढे झाले. मग कमलानं दप्तरातून एक घडी केलेला कागद काढला. "सर, तुमचा निकाल राहिला होता."

वार्षिक गोंडी. वीसपैकी सहा.

सरांचा पेढा हातातच राहिला. "कमला, ग्रेस दे ना वं."

ती वर्गात गेली, आम्ही मागोमाग. तिनं फळा स्वच्छ पुसला आणि ठसठशीत मराठीत लिहिलं, 'रहांगडाले सर. जादा तास. सोमवार, सकाळी दहा. पुसू नये.'

सरांनी खिशातून छोटी वही काढली आणि सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं, 'पुसू नये'सकट.