गोकुळसरांनी झाकलेली वाट

गोकुळसर म्हणजे आमच्या पोशेऱ्याच्या शाळेतले संगणकाचे मास्तर, माझे दोस्त आणि एक नंबरचे हट्टी. माझ्या गिरणीत दळणाच्या नंबरावरून रोज भांडणं व्हायची, म्हणून त्यांनी घरचा जुना संगणक आणून इथे बसवला. नाव आणि पाडा टाकला की पुढचा नंबर कुणाचा, ते पडद्यावर येतं.

पण तो प्रोग्रॅम त्यांच्याशिवाय कुणाच्या बापाला कळेल तर शपथ. नावं सगळी क१, ट७ असली, आणि जागोजागी 'गोटू', म्हणजे मधल्या ओळी सोडून थेट दुसरीकडे उडी मारायचा हुकूम. सरांची जव्हारला बदली ठरली तेव्हा मी धास्तावलो. मशीन अडलं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं? ठाण्याच्या कंपनीतून सुट्टीवर आलेल्या हर्षालीला, त्यांच्याच विद्यार्थिनीला, तो सोपा करून द्यायची मी गळ घातली.

"सर, गोटू कशाला? वाचणाऱ्यानं कुठून कुठे गेलो ते शोधतच बसायचं," ती म्हणाली.

"गाडीरस्ता झाला म्हणून पायवाट कुणी बुजवतं का?"

"पायवाट दिसते तरी. तुम्ही तर वर पाला टाकून झाकलीत."

यावर सर उठून चक्कीचा पट्टा बघायला लागले. एरवी वाद अर्ध्यावर सोडणारा माणूस नव्हे हा.

हर्षालीनं सगळं नव्यानं, स्वच्छ लिहून काढलं. एक उडी कशासाठी आहे ते तिला कळेना, ती काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी वरच्या पाड्यावरची म्हातारी पोशी डोक्यावर नागली, म्हणजे नाचणी, घेऊन आली. एरवी ती टेकते न टेकते तोच तिचा नंबर लागायचा. बाईचं नशीब चांगलं, असं मी म्हणायचो. त्या दिवशी उन्हं कलली तरी ती बसूनच.

"घाई नाय बाबा, बसलेली बरी हाय मी," ती म्हणाली, पण नजर सारखी चढावाकडे.

निरोप घ्यायला आलेल्या सरांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ती उडी हिच्यासाठी होती. लांबून पायी येणाऱ्यांना पुढे घ्यायची. गावातले भांडतील म्हणून कुणाला दिसू दिली नाही."

मलासुद्धा सांगितलं नव्हतं. राग आला मला, आणि त्याहून जास्त माया वाटली या माणसाची.

मी पोशीची नागली उचलून चक्कीशी आणून ठेवली. हर्षाली तेवढ्यात संगणकाला बसली. तिनं तो नियम पुन्हा घातला, गोटूशिवाय, आणि पडद्यावर ठळक लिहिला: 'डोंगरावरून पायी आलेल्यांचं दळण आधी.'

"आता बघ, कशी जुंपते ते," सर पुटपुटले.

रांगेत पहिला हरेश होता, गावातला सगळ्यात भांडकुदळ. त्यानं सावकाश वाचलं, मग आपलं पोतं ओढून पोशीच्या नागलीमागे ठेवलं.

"हे आधीच सांगायचं ना, सर," तो म्हणाला.

सर कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. "उगाच झाकलं गं मी इतकी वर्षं," ते हर्षालीला म्हणाले.