समासातली पेन्सिल

शाहूपुरीतल्या आमच्या वाचनालयात कागलहून एक बाई यायच्या. नवरा फौजेत. न्यायच्या फक्त युद्धाच्या कादंबऱ्या, आणि परत करताना समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं असायचंच. मी चिडून खोडत बसायचो.

एका कादंबरीत जवानाची बायको दोन वर्षं उंबऱ्यात डोळे पुसत उभी होती. बाईंनी शेजारी लिहिलं होतं, 'मग म्हशीची धार कोण काढत हुतं?'

"पुस्तकात लिहायचं नसतं, बाई," मी म्हणालो.

"मग लिवणाऱ्यानं इचारून लिवावं की!"

तेवढं मात्र मी खोडलं नाही. नवरा सुट्टीवर आला तेव्हा तेच पुस्तक त्यांनी पुन्हा नेलं. परत आलं, तर प्रश्नाखाली वेगळ्या अक्षरात उत्तर होतं, 'हिनंच. नांगरबी हिनंच धरला.'