बाईंनी फळा उलटा धरलाय

आज सकाळी बाई गेल्या, आणि संध्याकाळच्या आत त्यांच्या मरणावर एकानं स्वतःचा फोटो छापून घेतला.

माझी भाषा आज सभ्य राहील याची खात्री नाही. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथंच थांबावं.

वत्सलाबाई. मूळच्या नेसरीच्या. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. रिटायर झाल्या आणि मंगळवार पेठेत आमच्या तालमीच्या ओसरीत वाचनवर्ग सुरू केला.

शाळेत जाऊनही ज्यांना वाचता येत नाही, अशा पोरांसाठी.

फी नाही. परीक्षा नाही. धपाटा मात्र मिळायचा.

गणपती जवळ आले की ओसरीत मंडळाचं सामान यायचं आणि वर्ग बंद पडायचा. पोरं परत यायची ती निम्मं विसरून.

म्हणून बाईंना वर्गासाठी स्वतःची इमारत हवी होती. दोन खोल्या आणि वर स्लॅब. एवढंच स्वप्न.

त्यांनी संस्था काढली. जागा मिळाली. कुणी विटा दिल्या, कुणी वाळू. भिंती खिडक्यांच्या वर गेल्या.

मग स्लॅबचा खर्च उचलायला आमच्या भागातले एक दानशूर पुढं आले.

नाव लिहीत नाही. चौकातल्या डिजिटल बोर्डावर ते बाईंच्या नावापेक्षा मोठं आहे, वाचून घ्या.

जाहीर कार्यक्रम झाला. प्रमुख वक्ता मीच. प्लायवूडवर चिकटवलेला, दाराएवढा चेक स्टेजवर बाईंच्या हातात दिला गेला. फोटो. टाळ्या. पेपरात बातमी.

तो चेक रिक्षात मावेना. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बाई, असे आम्ही पेठेतून चालत निघालो.

"बाई, लॉटरी लागली काय?" कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं.

"व्हय की. आता एवढा चेक घेणारी बँक हुडकून दे."

खरा चेक आलाच नाही.

आम्ही दोघं त्या दानशूर साहेबांकडं विचारायला गेलो. साहेब हसले. "दिला की बाई स्टेजवर! अख्ख्या कोल्हापूरनं बघितलाय."

मग मुद्द्यावर आले. तळमजल्याला लग्नाचा हॉल. हॉलला त्यांच्या वडिलांचं नाव, भाडं त्यांच्याकडं. पोरांना वर पत्र्याची एक खोली, तीही लगीन नसेल त्या दिवशी.

"नाव लावते की वडिलांचं," बाई म्हणाल्या. "पितळी अक्षरात लावते. पर माझी पोरं मांडवाच्या मागं न्हाई बसणार."

"मग बघा तुमचं तुम्ही."

बाई घरी आल्या. चेक पालथा घातला आणि मागच्या बाजूला काळा रंग दिला.

"सर, प्लाय चांगला हाय. वाया कशाला घालवायचा?"

त्या दिवसापासून वर्गाला फळा मिळाला. ज्या चेकानं एक वीट चढली नाही, त्याच्या पाठीवर पोरं बाराखडी शिकली.

परवा दवाखान्यात भेटलो तेव्हा आवाज खोल गेला होता. जीभ मात्र जाग्यावर.

"भाषण नको सर. तुमच्या भाषणानं माझ्या इमारतीवर धूळसुद्धा बसली न्हाई. स्लॅबचं तेवढं बघा. पोरांना परत ओसरीतनं उठवू नका."

मी हो म्हणालो.

आज पंचगंगेवरून परत येतोय, अंगावर अजून चितेचा वास आहे, आणि साहेबांचा फोन.

"सर, उद्या चौकात शोकसभा ठेवलीया. तुमचं भाषण दणक्यात झालं पायजे. आपण बाईंचं स्मारकच करू. हॉलला वडिलांचं नको, बाईंचंच नाव देऊ."

"आणि पोरं?"

"बघू की त्यांचं. वर खोली हायच."

जिवंत बाईंनी ज्याला नाही म्हटलं, त्याच्यावर मेलेल्या बाईंचं नाव चढवायचं. शिसारी येते हो. दुसरा शब्द नाही माझ्याकडं, आणि शब्दांवरच माझं आयुष्य गेलंय.

त्याहून वाईट म्हणजे आमच्याच संस्थेचे लोक मान हलवायला लागलेत. "सर, निदान इमारत तरी पुरी होईल."

कुणाची?

चौकात आलो तर बोर्ड लागलेला. मधोमध बाई, चारी बाजूंनी हसरे चेहरे, गॉगल, सोनसाखळ्या. मला न विचारता माझाही फोटो. आणि तळाला ठळक अक्षरात, 'शुभेच्छुक'.

वाढदिवसाच्या साच्यात बाईंना बसवलं आणि खालचा शब्द बदलायचंही कुणाला सुचलं नाही. इतकं यांचं दुःख.

बोर्डाखाली वर्गातली पोरं उभी होती. रडून डोळे सुजलेले. बाईंचा फोटो तोच होता, स्टेजवरचा, हातात चेक धरलेला.

साक्षी त्यांच्यातली थोरली. वर्गात आली तेव्हा तिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. आज बोर्डावरचं एकेक नाव ती घडाघडा वाचत गेली. मग फोटोपाशी थांबली. माझी बाही ओढून म्हणाली,

"सर, बाईंनी आपला फळा उलटा का धरलाय?"



तर साहेब, उद्या मी येतोय.

येताना तो फळा घेऊन येतोय. काळी बाजू लोकांकडं करून तुमच्या स्टेजवर उभा करणार आणि खडू तुमच्या हातात देणार. सगळ्या पेठेसमोर लिहा, 'हॉल होणार नाही.' त्याखाली लिहा, स्लॅबचे पैसे कधी देताय. नाही लिहिलंत तर फळा कोराच राहील, आणि तो वाचायला कुणालाच शिकवावं लागणार नाही.

मित्रांनो, खाली हात जोडलेल्या इमोजी टाकू नका. उद्या चौकात या. त्या भिंतींवर स्लॅब चढायचा असेल तर आपणच चढवू, विटा दिल्या तसाच.

बाई, निवांत जावा आता. भाषण नको म्हणाला होतात, उद्या एक शेवटचं करतो.

फळा सुलटा करून ठेवतो.