रेकॉर्डिंगमधली टकटक

चहा घ्या, सांगतो. आता स्वतःची फजिती स्वतःच सांगायची म्हणजे सुरुवात कुठून करावी हाच प्रश्न असतो. एकच विनंती आहे, आमच्या शेजारच्या दामोधरसमोर हा विषय काढू नका. त्याचा आणि माझा समेट झालेला आहे, पण ताजा आहे.

मी दिग्रसच्या बसस्थानकावर नोकरीला होतो. चौकशीच्या खिडकीमागे बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. रिटायर होईपर्यंत तेच. त्यामुळे झालंय काय, की अर्धा तालुका मला चेहऱ्यानं ओळखत नाही, आवाजानं ओळखतो. किराणा दुकानात मी नुसतं ‘पावशेर शेंगदाणे द्या’ म्हटलं तरी मागच्या रांगेतला माणूस पिशवी उचलून उभा राहतो. थोडं वाढवून सांगतोय. पण थोडंच.

तर पायल नावाची एक मुलगी आहे. आर्णी रस्त्यावरच्या एका तांड्यातली. जन्मापासून तिला दिसत नाही. यवतमाळला कॉलेजात जायची तेव्हा रोज आमच्या स्टँडवरून गाडी धरायची. पाटी वाचता येत नाही, म्हणून चौकशीच्या खिडकीजवळच्या खांबाला टेकून उभी राहायची आणि मी यवतमाळची गाडी पुकारली की चालायला लागायची. आमचं बोलणं असं काही फारसं नव्हतं.

मी रिटायर झालो. मग एक दिवस ती मोठ्या भावाला सोबत घेऊन घरीच आली. सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसत होती. पुस्तकं होती, पण वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. मोबाइल वाचून दाखवतो, पण मोबाइलचं मराठी तुम्ही ऐकलंय का? ‘इ. स.’ आलं की तो ‘इस’ म्हणतो, ‘पृ. क्र.’ आलं की त्याच्या तोंडून जे काही बाहेर पडतं ते कोणत्याच भाषेत नाही. ऐकता ऐकता मुलगी रडकुंडीला आली होती.

ती म्हणाली, “काका, तुमचा आवाज मले बराबर समजते. त्या आवाजानं मी कधी चुकीच्या गाडीत नाई बसली. इतिहासाचं पुस्तक वाचून, मोबाइलवर भरून देता काय?”

आता असं कोणी म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस मला दाखवा. मी हो म्हटलं. त्या दिवशी जेवताना मी भाजीसुद्धा माइकच्या आवाजात मागितली असं आमची शालू सांगते. शालू म्हणजे माझी बायको.

कॉलरला लावायचा छोटा माइक आणला. आतल्या खोलीत टेबल लावलं, खिडक्या लावल्या आणि पहिला धडा वाचला. वाचन झकास झालं होतं. सवय जुनी असल्यामुळे सम्राट अशोक कलिंगात गेला हे वाक्य थोडं फलाट क्रमांक दोनवरून गेल्यासारखं झालं, पण तेवढं चालायचं. पायलला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाजी निरोप आला. वाचन फार छान आहे, सगळं समजतं, फक्त मधे मधे टक टक असा आवाज येतो, मोबाइलचं काही असेल तर बघा, नाहीतर राहू द्या. पोर सभ्य आहे. पण मी माइकवर आयुष्य काढलेला माणूस. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये टक टक?

हेडफोन लावून ऐकलं. खरंच होती. ‘सम्राट अशोकाने’ टक, ‘कलिंगावर’ टक, ‘स्वारी केली’ टक टक. जणू अशोकाच्या मागे कोणी कुलपात किल्ली फिरवत चाललंय.

पहिला संशय भिंतीवरच्या घड्याळावर गेला. उतरवून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. पुन्हा वाचलं, टक आहेच. मग पंखा बंद केला. होळीचे दिवस जवळ आलेले, आमच्याकडे तेव्हापासूनच ऊन कसं पेटतं ते तुम्हाला माहीत आहे. घामानं पुस्तकाचं पान ओलं झालं, टक तशीच. मोबाइलच्या दुकानात जाऊन माइक बदलून घेतला. दुकानदारानं माझ्यासमोर ‘हॅलो हॅलो’ करून ऐकवलं, त्याच्या हॅलोत काहीच टक नव्हती. घरी आलो, वाचलं, पुन्हा टक. मग दुकानदाराच्या आवाजात टक कशी आली नाही, याचा विचार तेव्हा करायला हवा होता. मी असा निष्कर्ष काढला की दोष माइकचा नाही, घराचा आहे.

घराचा म्हटल्यावर घरातली माणसं आली. मी वाचायला बसलो की घरात कोणी बोलायचं नाही, भांडं हलवायचं नाही, नळ सोडायचा नाही, असा नियम केला. घरात माणसं किती, तर मी आणि शालू. म्हणजे नियम एकटीलाच होता. तिनं तो मुकाट्यानं पाळला. नंतर लोखंडी कपाटावर संशय आला, कारण उन्हानं पत्रा फुगतो आणि वाजतो. कपाट चार जणांना बोलावून अंगणात काढलं. आठवडाभर आमचे कपडे अंगणात राहत होते आणि आम्ही घरात.

आता या सगळ्यात दामोधर कुठून आला? त्याची आणि आमची भिंत एकच आहे. आणि तो दिवसभर ओसरीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरतो. अडकित्त्याचा आवाज कसा असतो? टक.

मला इतका आनंद झाला की मी चप्पल न घालताच त्याच्याकडे गेलो. समजावून सांगितलं, एका आंधळ्या मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, परीक्षा होईपर्यंत सुपारी बंद ठेव. त्यानं माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. कातरता हात थांबवला, अडकित्ता मिटला आणि ठीक आहे म्हणाला. मला वाटलं, किती समजूतदार माणूस.

तीन-चार दिवसांत समजूतदारपणाची वाट लागली. सुपारीशिवाय त्याचं जेवण उतरेना, झोप लागेना, घरच्यांवर खेकसायला लागला. शेवटी पिशवी भरली आणि वणीला मुलीकडे निघून गेला. जाताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याची बायको मात्र बोलली. भिंतीपलीकडून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, आणि बराच वेळ.

दामोधर वणीला, कपाट अंगणात, घड्याळ स्वयंपाकघरात, पंखा बंद, शालू मुकी. मी वाचलं. टक.

दरम्यान धडे साचले होते. आवाज सापडेपर्यंत पुढचं काही पाठवायचं नाही असं मी ठरवून बसलो होतो. पायलच्या भावाचा फोन आला. पोरगा आदबशीर, पण आवाजात काळजी होती. म्हणाला, “काका, तुमी मेहनत करून राह्यले ते माहीत हाय आमाले. पन परीक्षा जवळ आली जी. जसं हाय तसंच पाठवून द्या ना.”

मी त्याला सांगितलं की सदोष माल मी देत नाही. आज ते वाक्य आठवलं की मी दुसरीकडे पाहतो.

माझा एक मित्र आहे, मोरेश्वर. गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. सरकी निघालेल्या कापसाचे तिथे घराएवढे उंच ढीग लागलेले असतात. मी कुठेतरी ऐकलं होतं की कापूस आवाज पितो. मोरेश्वरला विचारलं, जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतात तेव्हा तासभर बसू देशील का? तो म्हणाला, बसा, फक्त शिंकू नका, सगळा ढीग अंगावर येईल.

दोन ढिगांच्या मधे स्टूल टाकून बसलो. तुम्हाला सांगतो, तशी शांतता मी जन्मात ऐकली नाही. आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू येतं. मी मराठ्यांच्या इतिहासाचा अख्खा धडा एका दमात वाचला. डोळ्यांत पाणी आलं. थोडं भावनेनं, थोडं कापसाच्या धुळीनं. तिथेच हेडफोन लावला.

टक. आणि नुसती टक नाही. बाकी कोणताच आवाज नसल्यामुळे आता ती घणासारखी वाजत होती.

घरी आलो तेव्हा डोक्यावर, भुवयांवर, कानांत कापूस. शालूनं ताट वाढलं. मी जेवत नव्हतो, बोलत होतो. हे घर वाईट आहे, हा मोबाइल वाईट आहे, दिग्रसची हवाच वाईट आहे, त्या पोरीचं नुकसान होतंय आणि मला काही सुधरत नाही. बोलत होतो, बोलत होतो. शालू भाकरी मोडत शांतपणे म्हणाली,

“ते तुमची कवळी वाजते.”

“कोनती कवळी?”

“तोंडातली. आनखी किती हायेत?”

हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण मलाच ते आधी सुचलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास मी दातांची कवळी बसवून घेतली होती. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही दिवसांनी एकदा येऊन जा, खालची बाजू सैल वाटली तर घट्ट करून देतो. मी गेलो नाही. मला ती छान बसली होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. वर उचलली जायची, खाली बसायची, आणि बसताना म्हणायची, टक. मला इतकी सवय झाली होती की माझ्या कानाला ती ऐकूच येत नव्हती. मोबाइलला सवय नव्हती.

मी तिथेच, ताटावर, ‘सम्राट अशोकाने कलिंगावर स्वारी केली’ असं म्हणून पाहिलं. शालूनं प्रत्येक टकेला एक बोट वर केलं.

“मंग मले सांगतलं काहून नाई तू?”

“तुमीच म्हनलं, वाचून राह्यलो तवर घरात कोनी बोलाचं नाई. अन् मले वाटलं तुमाले माहीत हाय. सोताच्या तोंडातलं मानसाले माहीत असते.”

एवढं बोलून तिनं मला आणखी भाकरी वाढली. मी नको म्हटलं. टक.

पहिला फोन वणीला केला. दामोधरची माफी मागितली, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजे तुमी सुपारी नव्हते खात काय?”

मी म्हटलं, मी कधी सुपारीला हात लावला नाही.

“आमाले तं भिताडातून रोज आयकू येत होतं. बोलता बोलता कडाकडा फोडून राह्यले. मी म्हनलं, पाहा, सोता खाते अन् मले बंदी करते. त्याचा राग आलता भाऊ मले.”

म्हणजे मी त्याचा आवाज माझ्या मोबाइलात शोधत होतो तेव्हा तो माझा आवाज त्याच्या भिंतीत ऐकत होता. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तो परत आला. स्टँडवर घ्यायला मी गेलो. पिशवी मी उचलली.

मग डॉक्टरांकडे गेलो, कवळी घट्ट करून घेतली. कपाट आत आणलं, पंखा लावला आणि झटून बसलो. पहिल्यापासून सगळे धडे पुन्हा वाचले. गुळगुळीत. रेशमासारखे. एकाही वाक्यात एक टक नाही. मोठ्या अभिमानानं सगळे पायलला पाठवून दिले आणि निरोप दिला की जुना धडा पुसून टाक.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. आभार मानले, तब्येत विचारली, काकूंची चौकशी केली. काहीतरी सांगायचं अडलं होतं. मी म्हटलं, सांग ना.

“काका, राग नका मानू जी. नवं वाचन लय साफ हाय. पन ते जुनं, टकटकवालं, पुन्हा पाठवता काय? मी पुसून टाकलं.”

मी विचारलं, कायले?

“त्याच्यात टक झालं की मी जागी होत होती. आता पयल्याच पानाले डोया लागते. याडी येऊन हलवते तवा समजते का धडा संपून गेला.”

याडी म्हणजे तिची आई. म्हणजे आईलाही माझं वाचन माहीत झालं होतं.

मोबाइलात न पाठवलेले जुने धडेही होते, ते सगळे पाठवून दिले. अपुरे होते, पण जेवढे होते तेवढ्यांवर ती जागी राहिली, आणि पहिली परीक्षा पास झाली. तांड्यात पेढे वाटले, आमच्याकडेही आले, दामोधरनंही खाल्ले.

आता पुढची मुख्य परीक्षा आहे. त्यासाठी तीन जाडजूड पुस्तकं तिचा भाऊ काल ठेवून गेला. निरोप स्पष्ट आहे, पहिल्यासारखं वाचायचं. सकाळपासून मी प्रयत्न करतोय, पण डॉक्टरांनी काम इतकं पक्कं केलंय की कवळी तसूभर हलत नाही. पुन्हा त्यांच्याकडे जावं लागणार, एवढं कळतंय. पण तुम्हीच सांगा, कवळी जरा सैल करून द्या, हे कोणत्या तोंडानं सांगू?